लेस्ली घेताना आधी फिरकी बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. चर्चमध्ये आणि अधूनमधून ऑर्केस्ट्रात वाजवायला तुमच्याकडे दोन मॅन्युअलचा, म्हणजे पट्ट्यांच्या दोन रांगांचा, जुना ट्रान्झिस्टर ऑर्गन आहे. त्याला लाइन आउट आहे, पण लेस्लीचं, म्हणजे आत फिरणाऱ्या भागांनी ऑर्गनच्या सुराला हालचाल देणाऱ्या स्पीकर कॅबिनेटचं, सॉकेट नाही. समोर अशी तीन जुनी लेस्ली कॅबिनेट आहेत आणि तिन्ही अमेरिकेतून आलेली. मुंबईत १४७ नंबरचं मॉडेल आहे, नवं पॉलिश, नवे व्हॉल्व्ह, 'एकदम चालू'. गोव्यात ७६० आहे, रेक्झिन फाटलेलं आणि आवाज बंद. पुण्यात ८२५ आहे, लहान, स्वस्त आणि चालू. कुठलं घ्यावं आणि घेतलं तर कोल्हापुरात त्याची दुरुस्ती होईल का, असं तुम्ही विचारलंय.

मी गेली तीसेक वर्षं इथे ऑर्गन, कीबोर्ड आणि अँप्लिफायर दुरुस्त करतोय. लेस्लीही बऱ्याच उघडल्यात. माझं मत आधीच सांगतो. लेस्लीत दोन जातीचं सामान असतं, विजेचं आणि फिरण्याचं. विजेचं काहीही बिघडलं तरी इथे दुरुस्त होतं. व्हॉल्व्ह मागवता येतात, कंडेन्सर बदलता येतात, ट्रान्सफॉर्मर पुन्हा गुंडाळून मिळतो. फिरण्याचं मूळ सामान, म्हणजे मोटरी, हॉर्न आणि ड्रम, गायब असेल किंवा वाकलेलं असेल तर मात्र पुढची दोन वर्षं ते शोधण्यात जातात. म्हणून बंद पडलेलं पण आतून पूर्ण असलेलं कॅबिनेट मी चालू पण अर्धवट कॅबिनेटच्या वर धरतो. बघणारा माणूस नेमका उलटा जातो. व्हॉल्व्ह पेटलेले दिसले, लाकूड चकाकलं, की खिशात हात घालतो.

हे यंत्र नक्की काय करतं ते नीट समजलं की काय बघायचं ते आपोआप कळतं. आवाज वर हॉर्नच्या ड्रायव्हरला आणि खाली १५ इंची वूफरला वाटला जातो, १४७ मध्ये ही वाटणी साधारण ८०० हर्ट्झवर होते. वूफरचं तोंड खाली असतं आणि त्याच्या खाली एक पोकळ ड्रम फिरतो, तो आवाज आडवा फेकतो. वर दोन तोंडांचा हॉर्न फिरतो. त्यातलं एक तोंड बंद असतं, ते फक्त तोल सांभाळायला. खरा आवाज एकाच तोंडातून येतो. ते तोंड आसापासून साधारण वीतभर लांब असतं. मिनिटाला ४०० फेऱ्यांचा वेग धरला तर ते तोंड ताशी ३० किलोमीटरच्या आसपास धावतं. तुमच्याकडे येताना सूर किंचित चढतो, लांब जाताना उतरतो. शिवाय आवाज लहानमोठा होतो आणि भिंतींवर आपटून वेगवेगळ्या वेळी परत येतो. हॉर्न आणि ड्रम एकमेकांच्या उलट दिशेने फिरतात, त्यामुळे ही दोन आंदोलनं एकमेकांशी जुळून राहत नाहीत. संथ वेगात, म्हणजे मिनिटाला चाळीस-पन्नास फेऱ्यांना, जे ऐकू येतं ते मला नेहमी दरबारीतल्या कोमल गंधाराच्या आंदोलनाजवळचं वाटतं. सूर जागेवरच असतो, पण जिवंत असतो.

आपल्याकडे ही कल्पना परकी नाही. संगीत नाटकांच्या काळात नाटक कंपन्यांकडे जे पायाने हवा भरायचे ऑर्गन असत, त्यांतल्या काही परदेशी ऑर्गनना व्हॉक्स ह्युमाना नावाचा खटका असे. तो ओढला की आत हवेवरच एक पंख्यासारखी पट्टी फिरू लागे आणि सुराला कंप येई. डोनाल्ड लेस्ली यांनी १९४० च्या सुमारास वेगळ्या मार्गाने तेच केलं. १९३५ मध्ये बाजारात आलेल्या हॅमंड ऑर्गनचा आवाज त्यांना सपाट वाटत होता, त्यात थिएटरमधल्या पाइप ऑर्गनसारखी हालचाल हवी होती. लॉरेन्स हॅमंड यांना हे कॅबिनेट पसंत पडलं नाही. मग लेस्ली यांनी इलेक्ट्रो म्युझिक या आपल्या कंपनीतून ते स्वतःच विकलं, पुढे १९६५ मध्ये ती कंपनी सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीकडे गेली. हा इतिहास सांगायचं कारण असं, की लेस्ली एकाच ऑर्गनसाठी बनत राहिली नाही. वेगवेगळ्या कंपन्यांच्या ऑर्गनला जोडायची म्हणून मॉडेलं वेगळी झाली, जोडण्या वेगळ्या झाल्या, आणि तुमच्यासारख्या माणसाला आज नेमका तिथेच चकवा बसतो.

१२२ आणि १४७ ही दोन मॉडेलं बाहेरून जुळ्या भावांसारखी आहेत. उंची ४१ इंच, आत ४० वॅटचा व्हॉल्व्ह अँप्लिफायर, दोन ६५५० व्हॉल्व्ह, मागे सहा पिनांचं सॉकेट. सॉकेट एकसारखं, पण पिनांची वाटणी वेगळी. १२२ हे हॅमंडसाठी, त्यात सिग्नल दोन तारांतून संतुलित येतो आणि वेग बदलायचा हुकूम त्याच तारांवर डीसी चढवून दिला जातो. १४७ हे इतर ऑर्गनसाठी, तिथे सिग्नल साधा एका तारेचा आणि वेगाच्या रिलेला थेट ११७ व्होल्ट एसी मिळतो. एकाची केबल दुसऱ्याला बसते, आणि बसते म्हणून लोक लावतात. एका वाद्यविक्रेत्याने मला 'लेस्लीची केबल म्हणजे लेस्लीची केबल' म्हणून १२२ ची केबल १४७ सोबत दिली होती. मी त्या दिवशी घाईत होतो, पिना मोजल्या नाहीत. एका क्षणात वास आला आणि गिऱ्हाइकाच्या प्रीअँपचा, म्हणजे ऑर्गन आणि लेस्लीच्या मधल्या जोडणीच्या डब्याचा, एक भाग काळा पडला. तो मी पदरचे पैसे घालून दुरुस्त करून दिला. तेव्हापासून सहा पिनांची कुठलीही केबल मल्टीमीटर लावल्याशिवाय मी जोडत नाही. तुम्हीही जोडू नका.

तुमच्या ऑर्गनला लेस्लीचं सॉकेट नसल्यामुळे मध्ये प्रीअँप पेडल लागणारच. ऑर्गनचा लाइन आउट पेडलमध्ये, पेडलमधून लेस्लीकडे. १४७ साठी पेडल घेताना ते त्याच मॉडेलसाठी आहे ना हे विचारा. एक गोष्ट ठळकपणे सांगतो. सहा पिनांच्या जुन्या लेस्लीला वीज त्या केबलमधूनच मिळते, आणि १४७ चा वेग बदलायचा जुना पायखटका हा प्रत्यक्ष मेन्सच्या व्होल्टेजवर असतो. ओल्या पायाने, पावसाळ्यात, मांडवात तो दाबणं मला मान्य नाही. नवं पेडल घ्या, ज्यात खटका कमी व्होल्टेजवर आणि रिले वेगळा असतो. ७६० आणि ८२५ ला नऊ पिना आहेत आणि तिथे वेगाचा हुकूम मुळातच कमी व्होल्टेजवर जातो. स्टेजसाठी हा मोठा फायदा आहे.

आता ८२५ चा विषय संपवतो. त्यात हॉर्नच नाही. एकच स्पीकर आणि त्याच्यासमोर फोमचा एक रोटर. गिटारला छान लागतं. ऑर्गनला त्यातून वरचा झळाळता थर मिळत नाही आणि हॉर्न-ड्रमचं उलटसुलट फिरणंही नाही. तुम्ही ज्या आवाजासाठी हे सगळं करताय तो त्यात नाही. स्वस्त आहे म्हणून घेऊ नका.

उरली १४७ आणि ७६०. तुम्ही पाठवलेले १४७ चे फोटो मी मोठे करून पाहिले. लाकूड सुंदर आहे, पॉलिश करणाऱ्याचा हात चांगला आहे. पण मागची फळी काढलेल्या फोटोत खालची मोटर पाहा. मूळ लेस्लीत प्रत्येक रोटरला दोन मोटरी एकावर एक बसवलेल्या असतात, म्हणजे तांब्याच्या गुंडाळीचे दोन गठ्ठे दिसायला हवेत. एक संथ वेगाची, एक जलद वेगाची. तुमच्या फोटोत खाली एकच गठ्ठा दिसतोय. याचा अर्थ कुणीतरी संथ मोटर काढून टाकलीय. ड्रम एकतर थांबेल नाहीतर जोरात फिरेल, मधलं काही नाही. जुन्या एकवेगी मॉडेलांत तसंच होतं आणि काही वादक मुद्दाम खालचा ड्रम थांबवूनही ठेवतात. पण चर्चमध्ये भजनाच्या मागे तुम्हाला जो संथ वेग लागणार आहे, तो खालून मिळणार नाही. वरच्या मोटरचा फोटो त्यांनी दिलेलाच नाही. तो मागवा.

ही दोन मोटरींची रचना फार हुशारीची आहे आणि बिघडतेही ठरावीक जागीच. संथ मोटरला वीज मिळाली की तिचा गाभा चुंबकाच्या ओढीने किंचित सरकतो आणि तिच्या टोकाचं लहान रबरी चाक जलद मोटरच्या मोठ्या चाकाला जाऊन टेकतं. त्या घासण्यावर सगळा संथ वेग. वीज गेली की ते मागे येतं. वर्षानुवर्षांत ते रबर कडक होतं. राजारामपुरीतल्या एका गॅरेजमध्ये मी एक कॅबिनेट उघडलं होतं, मालक म्हणत होता मोटर जळली. मोटर गरम नव्हती, आवाज करत होती, गाभा सरकतही होता. मी नखाने रबर दाबून पाहिलं तर सुपारीसारखं घट्ट. नुसतं घसरत होतं. उद्यमनगरात, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या वस्तीत, हायड्रॉलिकच्या सुट्या भागांचं जे दुकान असतं, तिथे त्या मापाचा ओ-रिंग मिळाला. तो बसवला, बुशिंगला शिलाई मशीनच्या तेलाचे दोन-दोन थेंब सोडले, आणि ड्रम दहा मिनिटांत शांतपणे फिरायला लागला. मालकाने त्या मोटरी भंगारात द्यायचं ठरवलं होतं. त्या गेल्या असत्या तर कुठून आणणार होता?

म्हणून कॅबिनेट बघायला जाल तेव्हा पहिली पंधरा मिनिटं वीज लावूच नका. मागच्या फळ्या उघडा. हॉर्नला एका बोटाने हलका धक्का द्या. तो सरळ, न डगमगता फिरला पाहिजे आणि बोट काढल्यावर थोडा वेळ स्वतःच्या जोरावर फिरत राहिला पाहिजे. कान जवळ न्या. बारीक सरसर चालते, टकटक चालत नाही. हॉर्नच्या तोंडात शंकूसारखे डिफ्लेक्टर आहेत का पाहा, काहींनी ते कापून टाकलेले असतात. आवाज त्याने जास्त तीक्ष्ण होतो, काहींना आवडतो, पण भाव कमी करून मागायला ते चांगलं कारण आहे. मग ड्रम हाताने फिरवा, त्याच्यावरचा काळा कपडा फाटलाय का पाहा, तो फाटला की जलद वेगात वाऱ्याचा फडफडाट ऐकू येतो. तळाची फळी बोटांनी ठोका. आपल्याकडे समुद्रकाठच्या घरात राहिलेल्या लाकडाला वाळवी आणि ओल दोन्ही असते. कोपऱ्यात बारीक भुसा दिसला तर तिथून निघा, पॉलिशने तो झाकला जातो पण थांबत नाही. कोल्हापुरात २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर पाण्यात राहिलेले किती स्पीकर रंगवून विकायला आले होते ते मी पाहिलंय, त्यामुळे तळाच्या फळीचा फुगवटा मी आता सवयीनेच तपासतो.

मग वीज. सोबत सिरीज लॅम्प न्या, म्हणजे विजेच्या वाटेत जोडायचा बल्ब, जो जास्तीचा करंट अडवतो. दहा-वीस वर्षं बंद असलेल्या व्हॉल्व्ह अँप्लिफायरला एकदम पूर्ण व्होल्टेज देणं म्हणजे कंडेन्सर फुटायला बोलावणं. आत ४०० व्होल्टच्या वर डीसी असतो आणि वायर काढल्यावरही कंडेन्सरमध्ये तो राहतो. ज्याला सवय नाही त्याने अँप्लिफायरच्या पोटात हात घालू नये, हे मी माझ्या पोरांनाही सांगतो. चालू झालं की खालच्या पट्टीपासून वरपर्यंत एक-एक सूर धरून ठेवा. ठरावीक सुराला खरखर आली तर हॉर्न ड्रायव्हरचा पडदा गेलाय. तो बदलता येतो, त्याने घाबरू नका. ड्रायव्हर १६ ओमचा, मल्टीमीटरवर त्याच्या थोडं खाली वाचन आलं पाहिजे. शेवटी संथ-जलद खटका दहा वेळा मारा. हॉर्न पटकन वेग घेतो आणि ड्रम जड असल्यामुळे काही सेकंद मागून येतो. हा मागे राहणारा ड्रमच लेस्लीचा श्वास आहे. दोन्ही एकदम पळाले तर काहीतरी बदललंय.

आता आपल्याकडचा खास प्रश्न, जो अमेरिकेतली माहितीपत्रकं सांगत नाहीत. तिन्ही कॅबिनेट ११७ व्होल्ट, ६० हर्ट्झची आहेत. ५०० व्हीएचा स्टेपडाउन, म्हणजे व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर, लावला की व्होल्टेजचा प्रश्न सुटतो, पण हर्ट्झचा सुटत नाही. आपल्याकडे ५० हर्ट्झ आहे आणि या मोटरींचा वेग त्यावर ठरतो. म्हणजे सहाच्या जागी पाच, सरळ सतरा टक्के वेग कमी. ४०० फेऱ्यांच्या जागी ३३३. जलद वेग सुस्त वाटतो आणि लोक म्हणतात 'मोटर म्हातारी झाली'. (कधी फिरत्या चक्रांतून सूर काढणारा अमेरिकन हॅमंड घ्यायचा विचार केलात तर हे लक्षात ठेवा, तिथे ५० हर्ट्झवर सूरच साधारण तीन अर्ध्या स्वरांनी, म्हणजे दीड स्वराने, खाली येतो.) वरच्या मोटरच्या पुलीला लहानमोठे टप्पे असतात, पट्टा मोठ्या टप्प्यावर चढवा, बराच फरक भरून निघतो. खालच्या पुलीला टप्पे नसतात. तिथे आपलं उद्यमनगर कामाला येतं. मूळ पुली काढून टर्नरकडे न्या आणि पट्टा बसतो त्या खाचेचा व्यास वीस टक्के वाढवून ॲल्युमिनियमची नवी करून घ्या. आत भोक मूळ मापाचंच, नाहीतर डगमग येते. भोक बरोबर मध्यावर आलंय का हे पुली शाफ्टवर फिरवून पाहूनच पैसे द्या. मूळ पुली फेकू नका, पिशवीत घालून कॅबिनेटच्या आत अडकवून ठेवा.

ट्रान्सफॉर्मरचंही तेच. त्याच्या पट्टीवर ५०/६० लिहिलं असेल तर चिंता नाही. नुसतं ६० असेल तर आपल्या लाइनवर तो जास्त तापतो. स्टेपडाउन ११० व्होल्टचा घ्या, तासभर वाजवा आणि मग हाताचा मागचा भाग लावून पाहा. हात टेकवता येत नसेल तर २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचा नवा गुंडाळून घ्या. जुना जपून ठेवा. आणि अमेरिकन दोन पिनांचा प्लग तसाच लावू नका, तीन पिनांची वायर टाकून लोखंडी चेसिसला अर्थिंग द्या. चर्चमध्ये माइक धातूचा असतो आणि गाणारा त्याला ओठ लावतो.

तर तुमच्यासाठी काय? गोव्याचं ७६०. ते ट्रान्झिस्टरचं आहे, एकूण ९० वॅट, हॉर्नला आणि वूफरला वेगळे अँप्लिफायर. व्हॉल्व्हचा तो गोड चरका त्यात कमी, हे खरं. फार जोरात वाजवल्यावर १४७ जसं गुरगुरतं तसं ते गुरगुरणार नाही. पण तुमचा ऑर्गन मुळात ट्रान्झिस्टरचा आहे आणि भजनाला स्वच्छ आवाज हवाय. तुम्ही ते टेम्पोत घालून गावोगावी नेणार आहात, व्हॉल्व्हला ते सोसत नाही. फोटोत दोन्ही मोटरींचे दोन-दोन गठ्ठे स्पष्ट दिसतायत, हॉर्न मूळ आहे, पट्टेसुद्धा लागलेले आहेत. आवाज बंद असणं हे बहुतेक आउटपुट ट्रान्झिस्टर किंवा पॉवर सप्लायचं काम आहे. आणून द्या, मी बघतो. रेक्झिन इथे कुणीही मढवून देईल.

१४७ च्या मालकाने वरच्या मोटरचा फोटो पाठवला, त्यात दोन गठ्ठे निघाले आणि खालची संथ मोटर त्याच्या माळ्यावर पडलेली सापडली, तर मात्र मला लगेच कळवा. अशा वेळी चर्चमध्ये कायमची ठेवायला त्याच्यासारखं दुसरं नाही. मग ७६० बाहेरच्या कार्यक्रमांना आणि १४७ वेदीजवळ, असं दोन वर्षांत जमवता येईल. एकच घ्यायचं असेल तर आज ७६०.

आणताना काळजी घ्या. गोव्याहून टेम्पो आंबोली घाटाने येणार, रस्ता वळणांचा. कॅबिनेट उभंच ठेवायचं, आडवं नाही. हॉर्नभोवती फोम किंवा जुनी चादर गुंडाळून तो हलणार नाही असा बांधा, ड्रमच्या खाचेत गुंडाळलेलं पोतं कोंबा. पट्टे उतरवून पाकिटात ठेवा. अशी कॅबिनेट ६० किलोच्या आसपास भरतात, उचलायला दोघं लागतात आणि तिसरा दरवाजा धरायला. पावसाळ्यात आणू नका, दिवाळीनंतर आणा.

चर्चमध्ये ठेवताना कोपऱ्यात सरकवू नका. आवाज बाजूंच्या झडपांतून येतो, मागच्या भिंतीपासून हातभर तरी अंतर द्या. मोठ्या कार्यक्रमात माइक लावायचे तर हॉर्नच्या दोन बाजूंना दोन आणि खाली ड्रमला एक. दोन्ही वरचे माइक झडपांच्या अगदी जवळ नकोत, जवळ गेलं की प्रत्येक फेरीला ठोका ऐकू येतो आणि आंदोलन हरवतं. वीतभर मागे घ्या, मग कानाने ठरवा.

गोव्याला जायचं ठरलं की आदल्या दिवशी सांगा. सिरीज लॅम्प आणि सहा-नऊ पिनांच्या तपासणीच्या वायरी माझ्याकडे तयार आहेत, त्या देतो.